तेलावर चालणारी गाडी अडते तेव्हां

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांच्या घरचा उदरनिर्वाह आतां बैलांऐवजीं यंत्रावर अवलंबून असतो. कोणाचे वडील ट्रॅक्टर चालवितात, कोणाचे मामा खोदाईचें यंत्र भाड्यानें देतात, तर कोणाचा वडील बंधु गॅरेजांत हाताखालीं काम शिकत असतो. अशा घरीं यंत्र एक दिवस उभें राहिलें म्हणजे त्या दिवसाची मिळकत बुडाली, आणि पंधरा दिवस उभें राहिलें म्हणजे बँकेचा हप्ता थकला. यास्तव विज्ञानाच्या तासास शिकविला जाणारा एक जुना नियम अशा यंत्राच्या दुरुस्तीस कसा उपयोगी पडतो, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही जिच्याविषयीं लिहीत आहों ती गाडी ठेंगणी, चार चाकांची, पुढें दोन भुजांवर बकेट धरलेली आणि जागच्या जागीं गर्रकन फिरणारी आहे. तिचें खरें नांव स्किड-स्टीअर लोडर. परंतु आपल्याकडील कंत्राटदार व ड्रायव्हर तिला तिच्या सर्वांत प्रसिद्ध मार्क्यावरून सरसकट बॉबकॅट म्हणतात, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. रस्त्यावर नेहमीं दिसणारी पिवळी जेसीबी ही निराळी. तिच्या भुजा तेलाच्या दाबानें हलतात खऱ्या, परंतु तिचीं चाकें टॉर्क कन्व्हर्टर व गिअर ह्यांच्या द्वारें फिरतात. आमच्या ठेंगण्या गाडीचीं चाकेंसुद्धां तेलच फिरवितें. हा भेद प्रथमच ध्यानांत धरावा, कारण जेसीबीचें निदान हिला लागू केल्यानें पुष्कळांचा पैसा व्यर्थ गेलेला आहे.

ह्या गाडीचा जन्म अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांतील रॉथसे ह्या लहान गांवीं झाला. तेथें सिरिल व लुई केलर ह्या दोघां बंधूंचें एक छोटेंसें वर्कशॉप होतें. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास आपल्या दुमजली खुराड्यांतील घाण काढण्यासाठीं यंत्र हवें होतें. तें वरच्या मजल्यास पेलेल इतकें हलकें आणि मधल्या खांबांभोंवतीं वळेल इतकें आटोपशीर असावें, अशी त्याची अट. केलर बंधूंनीं १९५७ सालीं त्यास तीन चाकांचें यंत्र करून दिलें. पुढील वर्षीं नॉर्थ डाकोटांतील ग्विनर येथील मेलरो कारखान्यानें तें आपल्याकडे घेतलें, १९६० सालीं त्यास चौथें चाक आलें, आणि १९६२ सालीं बॉबकॅट हें नांव पडलें. आरंभीं चाकांस गति देण्याचें काम क्लच करीत असत. पुढें त्यांच्या जागीं तेल आलें. एका शेतकऱ्याच्या खुराड्याची अडचण सोडवितांना निघालेली ही युक्ति आज मुंबईच्या नाल्यांतील गाळ काढण्याच्या कामींही दिसते.

ह्या गाडीस वळण्याचें निराळें साधन नाहीं. डावीकडील दोन चाकें एका शक्तीनें फिरतात, उजवीकडील दोन दुसऱ्या शक्तीनें. दोन्ही बाजू सारख्या पुढें गेल्या कीं गाडी सरळ जाते. एक पुढें व एक मागें गेली कीं ती भोंवऱ्याप्रमाणें फिरते. म्हणजे वस्तुतः एका चौकटीवर दोन स्वतंत्र गाड्या बसविल्या आहेत. विद्यार्थ्यांनो, हें वाक्य विसरूं नका. पुढील सारें निदान त्यावरच उभें आहे.

बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा नियम फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल ह्यानें सतराव्या शतकांत मांडला. त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. जोसेफ ब्रामा ह्या इंग्लंडांतील कुशल कारागिरानें १७९५ सालीं त्याच नियमावर दाबयंत्राचें पेटंट मिळविलें. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पांच किलोंचा भार ठेवला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या पांचशें किलो उचलतो. फुकट मात्र कांहीं मिळत नाहीं : मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर चढण्यास लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर उतरावा लागतो. तात्पर्य, बळ हें तेलाच्या दाबावर अवलंबून असतें, आणि वेग हा दर मिनिटास किती तेल जातें ह्यावर. ड्रायव्हर जेव्हां "गाडी मंद झाली" असें म्हणतो, तेव्हां तो तेलाच्या मापाविषयीं तक्रार करीत असतो. आणि जेव्हां "गाडी ओढत नाहीं" म्हणतो, तेव्हां दाबाविषयीं. ह्या दोन तक्रारी एकच समजूं नयेत.

आतां गाडीच्या पोटांत पाहूं. इंजिन दोन पंप फिरवितें, प्रत्येक बाजूस एक. पंपांत एक फिरता गोल ठोकळा असून त्याच्या भोंकांत पिस्टन असतात, बहुधा नऊ. पिस्टनांचीं टोकें एका तबकडीवर घांसत फिरतात. तबकडी सरळ उभी असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आंतबाहेर होत नाहींत, आणि तेल हलत नाहीं. तबकडी तिरपी केली कीं ते आंतबाहेर होऊं लागतात व तेल ढकलतात. विरुद्ध बाजूस तिरपी केली कीं तेल उलट वाहतें. ड्रायव्हर लिव्हर लोटतो तेव्हां तो फक्त ही तबकडी तिरपी करीत असतो. हें तेल जाड नळ्यांतून त्या बाजूच्या मोटारीस फिरवितें, मोटार साखळीच्या द्वारें दोन्ही चाकांस फिरविते, आणि तेल टांकींत न जातां परस्पर पंपाकडे परत येतें. आपल्या शरीरांतील रक्ताभिसरणासारखें हें एक बंद वर्तुळ आहे. त्यांतील दाब कामाच्या वेळीं २०० ते ३५० बारपर्यंत जातो. मोटारगाडीच्या टायरांत हवेचा दाब सुमारें सव्वादोन बार असतो. त्यावरून कल्पना करावी.

इतक्या दाबाखालीं थोडें तेल सांध्यांतून पाझरणारच. ती तूट भरून काढण्यासाठीं एक तिसरा लहान पंप असतो, त्यास चार्ज पंप म्हणतात. तो टांकींतून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळून सुमारें १५ ते ३० बार दाबानें दोन्ही वर्तुळांत भरीत राहतो, आणि पुष्कळ गाड्यांत ब्रेक सोडविण्याचें कामही त्याच दाबाकडे असतें. असा ब्रेक मूळचा स्प्रिंगच्या जोरानें लागलेला असतो; तेल आलें तरच तो सुटतो. मोठे पंप हे घरचे कमावते पुरुष मानले, तर हा लहान पंप म्हणजे घरांत पाणी भरणारी माउली. तिच्याकडे कोणाचें लक्ष नसतें, पण ती आजारी पडली कीं सारें घर बसतें.

बिघाड झाल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा : एक बाजू अडली कीं दोन्ही ? दोन स्वतंत्र पंप किंवा दोन स्वतंत्र मोटारी एकाच दिवशीं झिजून निकामी होण्याचा संभव फारच थोडा. म्हणून दोन्ही बाजू एकदम मंद झाल्या, तर दोष दोघांस सामाईक असलेल्या भागांत शोधावा : टांकींतील तेल, तें ओढणारी नळी, फिल्टर, चार्ज पंप, ब्रेक, किंवा इंजिन व पंप ह्यांमधील बेल्ट अथवा जोड. आमच्या परिचयाच्या एका पालकांच्या बाबतींत ह्याच प्रश्नाकडे दुर्लक्ष झालें. त्यांची गाडी सकाळीं उत्तम चाले, अर्ध्या तासानें किंचाळल्यासारखा आवाज करी, आणि दोन्ही बाजूंनीं मरगळे. एका वर्कशॉपनें पंप गेला म्हणून सांगितलें. कर्ज काढून नवा पंप बसविला. तिसऱ्या दिवशीं पुनः तोच आवाज. शेवटीं दोष निघाला टांकीपासून चार्ज पंपाकडे येणाऱ्या रबरी होजमध्यें. तिचें आंतील अस्तर सुटलें होतें. तेल तापून रबर मऊ पडलें कीं तें अस्तर आंत ओढलें जाऊन वाट बंद करी. बाहेरून होज धडधाकट दिसत होती. दोन्ही बाजू एकदम कां मंदावतात, एवढें जरी आरंभीं कोणी विचारलें असतें, तरी त्या कुटुंबाचें कर्ज टळलें असतें.

ही कथा दुसऱ्या प्रश्नाकडेही नेते : गाडी थंड असतांना बिघडते कीं तापल्यावर ? आपल्याकडे ४६ क्रमांकाचें हायड्रॉलिक ऑइल पुष्कळ ठिकाणीं वापरतात. हा क्रमांक त्याच्या दाटपणाचा आहे. चाळीस अंश सेल्सिअसला जो दाटपणा ४६, तोच शंभर अंशांस सुमारें ७ वर येतो. झिजलेल्या पंपांत थंड व दाट तेल कसेंबसें टिकाव धरतें. तेंच पातळ झालें कीं फटींतून निसटतें. म्हणून सकाळीं चांगली व दुपारीं दुबळी अशी गाडी बहुधा आंतील झिजेची असते. त्या झिजेबरोबर किंचाळणारा आवाजही असेल, तर ओढणाऱ्या नळीचा संशय आधीं घ्यावा. उलट, थंडींत अडखळणारी आणि तापल्यावर सुधारणारी गाडी फार दाट तेलाकडे किंवा तुंबलेल्या गाळणीकडे बोट दाखविते.

आंतील गळती बाहेर दिसत नाहीं, परंतु गणितांत दिसते. एका फेऱ्यास ४० घनसेंटिमीटर तेल देणारा पंप मिनिटास २५०० फेरे करूं लागला, तर तो मिनिटास १०० लिटर तेल देईल. त्यांतील १० लिटर आंतल्या आंत पाझरलें, तर चाकांचा वेग एक दशांशानें उतरेल. पण तेवढ्यावर भागत नाहीं. दाब बारमध्यें व तेल लिटरमध्यें घेऊन त्यांच्या गुणाकारास ६०० नीं भागलें असतां किलोवॅट मिळतात. दाब २०० बार असेल, तर त्या १० लिटरांत सुमारें ३.३ किलोवॅट शक्ति निव्वळ उष्णता होऊन जाते. म्हणजे टांकीखालीं एकेक किलोवॅटच्या तीन विजेच्या शेगड्या अखंड पेटवून ठेवल्यासारखें झालें. तेल अधिक तापतें, अधिक पातळ होतें, अधिक पाझरतें. वैशाखांतल्या विदर्भी उन्हांत हें दुष्टचक्र किती लौकर फिरत असेल, तें सांगावयास नको.

ओढ कमी झाली असेल तर कान इंजिनाकडे द्यावा. गाडी ढिगाऱ्यास भिडवून पुढें लोटली असतां इंजिन गुदमरून बसूं लागलें, तर पंप आपलें काम करीत आहे. दोष इंजिनाच्या डिझेल फिल्टरमध्यें, हवेच्या फिल्टरमध्यें किंवा न सुटलेल्या ब्रेकमध्यें असावा. परंतु इंजिन निश्चिंतपणें चालत असून चाकें मात्र उभीं राहिलीं, तर तेल कोठेंतरी निसटत आहे. ह्या एका परीक्षेस ना गेज लागतें, ना पाना. इतकी स्वस्त व इतकी बोलकी परीक्षा दुसरी आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

गाडी मुळींच हलत नसेल, पण भुजा नीट उचलल्या जात असतील, तर पंपांकडे येणारा बेल्ट शाबूत आहे व टांकींत तेल आहे, इतकें बहुतेक यंत्रांत निश्चित समजावें. मग सुरक्षेचा दांडा खालीं आहे काय, सीटखालील स्विच, फ्यूज व ब्रेक सोडविणारा सोलेनॉइड ह्यांना वीज मिळते काय, हें पाहावें. उंदरानें कुरतडलेली वायर किंवा धुण्याच्या पाण्यानें गंजलेला जोड हीं कारणें ऐकावयास क्षुल्लक वाटतात, पण तीं प्रत्यक्षांत वारंवार आढळतात. तसेंच गाडी ओढून नेण्यासाठीं कोणी बायपास व्हॉल्व उघडून तो तसाच ठेवला नाहीं ना, हेंही विचारावें.

एकच बाजू दुबळी असेल तर आधीं टायरांची हवा व माप पाहावें, मग लिव्हरपासून तबकडीपर्यंतच्या सळ्या, मग साखळी. मोटारीचा दांडा फिरतो आणि चाक फिरत नाहीं, तर साखळी तुटली आहे. तेथें तेलाचा कांहींएक अपराध नाहीं. त्या बाजूचें पुढें जाणें ठीक आणि मागें जाणेंच दुबळें असेल, तर निदान आणखी सोपें होतें. पुढें जातांना वर्तुळाची एक नळी दाबाची असते, मागें जातांना दुसरी, आणि प्रत्येकीच्या रक्षणास आपापला रिलीफ व्हॉल्व असतो. दोन्ही व्हॉल्व सारख्याच मापाचे असल्याची खात्री करून त्यांची अदलाबदल करावी. दुबळेपणा आतां पुढें जाण्यांत आला, तर व्हॉल्व दोषी; जागच्या जागीं राहिला, तर व्हॉल्व निर्दोष. प्रयोगशाळेंत आम्ही सांगतों कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी; तोच हा नियम ग्रीसनें माखलेल्या हातांनीं पाळावयाचा.

टांकींतील तेलही पुष्कळ सांगतें. तें दुधाळ असेल व कांचेच्या बाटलींत तासभर ठेवूनही तसेंच राहिलें, तर त्यांत पाणी शिरलें आहे. फेस असून तो थोड्या वेळानें बसला, तर हवा शिरली आहे, आणि ती बहुधा ओढणाऱ्या नळीच्या सैल क्लिपमधून. जुना फिल्टर फेंकण्यापूर्वीं तो कापून त्याचा कागद उन्हांत धरावा. पितळेच्या रंगाचे कण चमकूं लागले, तर पंपाचें किंवा मोटारीचें अंतरंग झिजत आहे. अशा वेळीं नुसता भाग बदलून भागत नाहीं, सर्व नळ्या व टांकी धुवावी लागते. नाहींतर जुन्या पंपाचा चुरा नव्या पंपास खातो. आंतील फटी केसाच्या जाडीहूनही पुष्कळ बारीक असतात, म्हणून होज सोडतांच तिचीं तोंडें स्वच्छ टोपणांनीं झांकावीं. सुती चिंध्या कोंबूं नयेत.

आतां जी गोष्ट सांगणार आहों ती पालकांनीं आपल्या मुलांस वाचून दाखवावी, आणि मुलांनीं आपल्या वडिलांस. दाबाखालील होजला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, तर त्यांतून सुटणारी तेलाची धार डोळ्यांस धड दिसतही नाहीं, पण ती कातडी भेदून आंत शिरते. जखम मुंगी चावल्याइतकी दिसते, दुखत नाहीं, आणि माणूस कामास लागतो. कांहीं तासांनीं हात सुजून काळानिळा पडतो, व उशीर झाल्यास तो कापावाही लागतो. म्हणून गळती हातानें कधींही चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधावी. तरीही तसा अपघात घडलाच, तर तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें, आणि दाबाखालील तेल आंत शिरलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. नुसती पट्टी बांधून घरीं परतूं नये. तसेंच वर उचललेल्या भुजांखालीं त्यांचा लोखंडी टेकू लावल्यावांचून कोणीही डोकें घालूं नये. तेलाच्या आधारावर अधांतरी असलेला भार होज फुटतांच क्षणांत खालीं येतो. नळी सोडण्यापूर्वीं भुजा जमिनीस टेकवाव्या, इंजिन बंद करावें, आणि यंत्राच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें उरलेला दाब सोडून द्यावा. बायपास उघडलेली गाडी उतारावर केवळ चाकांखालच्या ठोकळ्यांवरच उभी असते, हेंही विसरूं नये.

नवा पंप बसविण्याची वेळ खरोखरच आली, तर इंजिन सुरू करण्यापूर्वीं त्याचें पोट स्वच्छ तेलानें भरावें आणि आरंभीं तें अगदीं मंद ठेवावें. कोरडा फिरविलेला पंप थोडक्याच अवकाशांत जुन्याहूनही जुना होतो. पहिल्या कांहीं तासांनंतर फिल्टर पुनः बदलावा. त्याची किंमत पंपाच्या मानानें कांहींच नव्हे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं येथें एक प्रश्न देऊन ठेवितों. एका गाडीची डावी बाजू पुढें व मागें दोन्हीकडे मंद आहे. उजवी उत्तम चालते. टायर, सळ्या व साखळी ठीक आहेत. मेकॅनिकनें डाव्या पंपाच्या नळ्या उजव्या मोटारीस, व उजव्या पंपाच्या नळ्या डाव्या मोटारीस जोडून पाहिल्या. आतां उजवीं चाकें मंद झालीं आणि डावीं जोरानें फिरूं लागलीं. दोष पंपांत आहे कीं मोटारींत, कोणत्या बाजूच्या, आणि मालकानें कोणता भाग विकत घेऊं नये ? कारणांसह उत्तर वहीच्या एका पानांत मावेल इतकें लिहून, सुट्टी संपल्यावर पहिल्या सोमवारीं प्रयोगशाळेंत आणून द्यावें.